कुठं निघालात, एकटेच?

ट्रेकिंगच्या नकाशावर कर्नाटकातलं बसवकल्याण नाही. एकट्याने हिंडायला निघालेली मराठी पोरं हरिश्चंद्रगड गाठतात, नाहीतर थेट हिमाचलची गाडी पकडतात. इथे ना कडे, ना घाटवाटा. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंचीचं पठार, काळ्या-तांबड्या मातीत तुरीची आणि ज्वारीची शेतं, मधूनच उघडा माळ, आणि नशीब असेल तर माळावर काळवीट. पुणे-हैदराबाद हमरस्त्यावर सस्तापूर बंगल्याला सॅक घेऊन कुणी उतरलाच, तर लोक त्याला औषध कंपनीचा माणूस समजतात.

गंमत अशी, की एकट्याने केलेल्या भटकंतीची जुनी, नावनिशीवार उदाहरणं शोधायला बसलं की वाट पुन्हा पुन्हा याच गावात येते.

बिल्हण घ्या. अकराव्या शतकात काश्मीर सोडून निघालेला हा कवी मथुरा, कनौज, प्रयाग, काशी करत कलचुरी कर्णाच्या दरबारी गेला, तिथून गुजरातेत, सोमनाथाला, मग दक्षिणेत, आणि अखेर कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, टेकला. तेव्हा कल्याणी चालुक्यांची राजधानी होती. सहाव्या विक्रमादित्याने (राज्यकाळ १०७६ ते ११२६) त्याला विद्यापती केलं. बिल्हणाने राजाचं चरित्र लिहिलं खरं, पण त्याचा अठरावा आणि शेवटचा सर्ग स्वतःचा गाव, घराणं आणि प्रवास यांनाच दिला. गुजरातच्या लोकांविषयीची कुरकूरही त्यात आहे. प्रवासवर्णन म्हटलं की तक्रार आलीच! हा भटक्या पुढे हत्ती-छत्राचा मानकरी झाला, म्हणून त्याला आपल्या यादीत थोडं खाली ठेवलेलं बरं.

वरचं स्थान अक्कमहादेवीचं. त्यात वाद नको.

बाराव्या शतकातली, कन्नड वचनं रचणारी ही शिवभक्त मुलगी शिवमोग्गा जिल्ह्यातल्या उडुतडीची. कौशिक राजाशी तिचा संसार झाला होता की नव्हता, यावर कथांचं एकमत नाही. ती घर सोडून निघाली आणि वस्त्रंही मागे टाकली, यावर मात्र सगळ्या कथा एक आहेत. उडुतडी ते कल्याण हे अंतर सरळ रेषेतही चारशे किलोमीटरच्या वर भरतं. वाटेत कृष्णा आणि भीमा आडव्या. अंगावर केसांखेरीज काही नाही, आणि वय लग्नाचं. आजही एकटी बाई एसटीत बसली तर शेजारची बाई चौकशी सुरू करते. आठशे वर्षांपूर्वी ती गावोगाव काय काय ऐकत आली असेल, ते तिच्या वचनांच्या धारेवरून कळतं.

तिच्या एका वचनात तर चक्क सामानाची यादी आहे, फक्त उलटी. भुकेला गावातली भिक्षा, तहानेला तळी-विहिरी, झोपेला ओसाड देवळं आणि सोबतीला तिचा शिव, चन्नमल्लिकार्जुन. आजची यादी तंबूपासून पॉवर बँकेपर्यंत जाते आणि वजन काट्यावर तोलून बघावं लागतं. अक्काच्या यादीला वजनच नाही. पण ती फुकटही नव्हती. भिक्षा हवी तर गावात शिरावं लागतं, आणि गावात शिरलं की उत्तरं द्यावी लागतात.

सगळ्यात अवघड उत्तरं तिला कल्याणात द्यावी लागली. बसवण्णांच्या अनुभव मंटपात, म्हणजे शिवभक्त शरणांच्या सभेत, संत अल्लमप्रभूंनी तिला उभ्या उभ्या विचारलं: नवरा कोण? वस्त्राची लाज गेली म्हणतेस, तर केसांनी अंग का झाकलंस? हा सवाल-जवाब पुढे ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात गुंफला गेला. अक्का सगळ्यांना पुरून उरली, शरणांनी तिला आपली मानली, आणि तरीही ती राहिली नाही. श्रीशैलाच्या कदळीवनाकडे निघाली. आणखी जवळजवळ तीनशे किलोमीटर, पुढे नल्लमलाचं अरण्य.

बसवकल्याणकडच्या एकटेपणाची जातच वेगळी आहे. सह्याद्रीत माणूस झाडीत शिरला की दिसेनासा होतो. या पठारावर तो कोसभरावरून दिसतो. तो पारापाशी पोचेपर्यंत प्रश्न तयार असतात, तेही मराठी, कन्नड, दखनी आणि तांड्यावरच्या बंजारा बोलीत. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. मग उदगीर-निलंगा नव्या राज्यसीमेच्या एका बाजूला गेले, बसवकल्याण-भालकी दुसऱ्या. पाराला त्याचं सोयरसुतक नाही. ‘कुठले? कुणाचे? कुठं निघालात, एकटेच?’ हे सगळ्या भाषांत सारखंच विचारलं जातं. शहरी भटक्याला हा त्रास वाटतो. खरं तर तपासणी संपली की चहा येतो, मग भाकरी, आणि वाटेची खरी माहितीही तेव्हाच मिळते: कुठल्या ओढ्याला पाणी आहे, कुठल्या वाडीची कुत्री वाईट.

मराठी वाचकाला जवळचं तिसरं नाव संत माणिकप्रभूंचं. जन्म १८१७, दत्तजयंतीचा, कल्याणजवळच्या लाडवंतीचा. मामांच्या घरी कल्याणात वाढलेला हा मुलगा शाळेपेक्षा रानात जास्त रमायचा. मामांनी पोरगं मार्गी लागावं म्हणून नोकरीला चिकटवलं. पुढे काय झालं ते प्रत्येक घरातल्या मामांना सांगायला नको. बोलणी बसली, मुलाने घर सोडलं आणि मंठाळच्या रानात जाऊन राहिला, असं चरित्रकार सांगतात. पण एकटं राहणं काही जमलं नाही. माणसं शोधत आली, घरचे आले, भक्त आले. पुढे हुमनाबादजवळ माणिकनगरच वसलं. त्यांनी पदं रचली तीही मराठी, कन्नड, हिंदी अशी, पारावरच्या सगळ्यांना पुरतील इतक्या भाषांत.

आज कुणाला इथे एकट्याने भटकायची हौस भागवायची असेल तर पावसाळा सरल्यावर यावं; तूर फुलोऱ्यात असते आणि ऊन अजून अंगावर येत नाही. दिवसभरात त्रिपुरांत तलावाकाठच्या शरणांच्या गुहा आणि नारायणपूरचं चालुक्यकालीन शिवमंदिर पाहून होतं. जलसंगीचं देऊळ वाटेत घ्यावंच. तिथल्या भिंतीवरची एक सुंदरी लेख कोरत उभी आहे, विक्रमादित्याच्या स्तुतीचा. हातात लेखणी घेतलेली बाई दगडात फारशी भेटत नाही. खरं जंगल हवं तर कलबुर्गी जिल्ह्यात चिंचोळीला उतरावं. तिथे सुमारे १३५ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे, चंद्रमपल्लीचं धरण आहे, सागवान आणि चंदन आहे, कडेला लंबाणी तांडे आहेत.

अक्काची पुढची वाट मात्र तशीच चालता येणार नाही. नल्लमलाचं रान आता व्याघ्र प्रकल्पात मोडतं. परवानगीशिवाय पायी शिरायला मनाई आहे. श्रीशैलजवळच्या, तिचं नाव लावलेल्या गुहांकडे लोक कृष्णेच्या जलाशयातून बोटीने जातात.