मोगऱ्याचा अर्क खरा की खोटा? चौथीचं गणित आणि बचत गटाचं नाक



एक किलो मोगऱ्यात कळ्या किती बसतात, कधी मोजलंय का? आमच्या नांदगावच्या चौथीच्या मुलांनी मोजलं. अख्खा किलो मोगरा आणायचा कुठून, म्हणून घरोघरच्या परड्यातून शंभर कळ्या जमवल्या आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या. भरल्या २२ ग्रॅम. मग एका कळीचं वजन काढलं, मग हजार ग्रॅमला किती ते काढलं. उत्तर आलं साडेचार हजाराच्या आसपास. भागाकाराला एरवी कंटाळणारी मुलं त्या दिवशी फळ्यापाशी भांडत होती.

हे गणित मी हौसेने घातलं नव्हतं. त्याला कारण झाला आमच्या वाडीतला महिला बचत गट. त्यात माझ्या वर्गातल्या चार मुलांच्या आया आहेत. तिठ्यावर महामार्गाच्या गाड्या थांबतात, कोकम, काजू, मालवणी मसाला विकला जातोच. त्यात आता 'नैसर्गिक अत्तर' ठेवायचं असं गटाने ठरवलं. एक विक्रेता येऊन तीन छोट्या बाटल्या दाखवून गेला होता. तिन्हीवर मोगरा अ‍ॅब्सोल्यूट असं लिहिलेलं, दहा-दहा मिलीच्या, तीन वेगवेगळ्या भावांच्या. म्हणे तिन्ही शंभर टक्के नैसर्गिक, फक्त दर्जा वेगळा. सगळ्यात महागाची ऑर्डर द्यायची तर गटाच्या वर्षभराच्या बचतीतली निम्मी रक्कम जाणार होती. एका मुलीची आई शाळा सुटल्यावर मला म्हणाली, "बाई, तुम्ही सायन्स शिकलात, जरा बघा ना."

मी बारावी सायन्स आणि नंतर डीएड. अत्तराचं शिक्षण काही नाही. पण माझं माहेर वेंगुर्ले तालुक्यात, आसोलीकडचं. तिथे सुरंगीच्या झाडाखाली लहानपण गेलं, त्यामुळे फुलाच्या वासावर पैसे कसे मिळतात आणि कसे कापले जातात हे घरात पाहिलेलं आहे.

आधी अ‍ॅब्सोल्यूट म्हणजे काय ते सांगते, कारण अत्तर, इसेन्स, सेंट, अर्क हे शब्द आपण सरमिसळ वापरतो. गुलाब, केवडा यांचं पारंपरिक अत्तर कनौजला देग-भपक्यात होतं. तांब्याच्या हंड्यात फुलं आणि पाणी उकळतात, वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. (कनौजला १९९१ पासून सुगंध आणि स्वाद विकास केंद्र ही सरकारी संस्थाही आहे.) पण मोगरा, जाई, निशिगंध अशी फुलं नाजूक. उकळलं की त्यांचा मूळ वास बिघडतो. म्हणून ती हेक्झेनसारख्या द्रावकात भिजवतात. द्रावक उडवून टाकलं की मेणासारखा गोळा उरतो, त्याला काँक्रीट म्हणतात. (मुलं हसली. त्यांना काँक्रीट म्हणजे महामार्गाचंच माहीत.) तो गोळा अल्कोहोलमध्ये घोळवून, थंड करून मेण गाळून काढतात, मग अल्कोहोल उडवतात. शेवटी जे दाट, रंगीत, थोडंसं उरतं ते अ‍ॅब्सोल्यूट.

किती थोडं? मोगऱ्याच्या बाबतीत ढोबळ हिशेब असा की हजार किलोच्या आसपास फुलांतून एक किलो. म्हणजे एक ग्रॅमला एक किलो कळ्या. दहा मिलीची बाटली म्हणजे साधारण दहा ग्रॅम, म्हणजे दहा किलो कळ्या, म्हणजे ४५ हजार! मुलांनी हा आकडा फळ्यावर लिहिला आणि एकजण म्हणाला, "बाई, एवढी फुलां खुडूक माझ्या आयेक वर्ष लागात."

मग गृहपाठ दिला. बाजारात एक किलो मोगऱ्याचा भाव विचारून या आणि दहाने गुणा. दुसऱ्या दिवशी तीन नंबरच्या बाटलीचा निकाल लागला. तिच्या किमतीत दोन किलो मोगरासुद्धा आला नसता. मग खुडणाऱ्याची मजुरी, द्रावक, कारखाना, वाहतूक यांचे पैसे कुठून आले? ती बाटली उघडण्याआधीच बाद. हा गुणाकार प्रत्येकाने करून बघावा. पण स्वस्त ते खोटं हे कळतं, म्हणून महाग ते खरं असं मात्र ठरत नाही. तिथे नाक लागतं.

वासाची बैठक आम्ही एका शनिवारी सकाळी शाळा सुटल्यावर एका घराच्या ओटीवर घेतली. मुलांना बाटल्या हाताळायला दिल्या नाहीत, असा तीव्र अर्क थेट त्वचेवर लागू नये. त्यांना फुलं दिली, आयांना बाटल्या. त्या दिवशी घरात अगरबत्ती नाही, मसाला भाजणं नाही, केसात गजरा नाही एवढी पथ्यं सांगितली होती. बाटल्यांवरची नावं आणि भाव कागद चिकटवून झाकले. ड्रॉइंग पेपरच्या लांब पट्ट्या कापल्या, त्यावर आकडे घातले, काडीच्या टोकाने अगदी टिंबाएवढा अर्क लावला. नाकाला चिकटवून हुंगायचं नाही, चार बोटं लांब धरायचं. दोन-तीनदा हुंगलं की नाक बधिर होतं, मग अंगणात जाऊन यायचं किंवा स्वतःचाच पदर हुंगायचा. शेजारी बशीत ताजा मोगरा ठेवला. माझ्या मते ही बशी सगळ्यात महत्त्वाची. फुलाशी तुलना न करता अर्काला चांगला-वाईट म्हणणं म्हणजे शब्दलेखनाची वही मूळ उतारा न बघता तपासणं.

पहिल्या फेरीत काय झालं? एक नंबर सगळ्यांना आवडला. गोड, स्वच्छ, हसरा. दोन नंबर नाकाजवळ नेताच एक काकी ओरडल्या, "ह्या काय गो! कपाटातल्या डांबरगोळयेचो वास येता." आठपैकी सहाजणींनी दोन नंबर बाजूला सारला.

पण तोच खऱ्या मोगऱ्याच्या जवळचा होता. मोगरा, जाई, निशिगंध या पांढऱ्या, रात्री दरवळणाऱ्या फुलांमध्ये इंडोल नावाचं द्रव्य असतं. सुटं आणि जास्त प्रमाणात हुंगलं तर डांबरगोळीसारखं, त्याहून वाईट म्हणजे घाणीसारखं. पण किंचित असेल तर त्याच्यामुळेच फुलाला तो जडपणा, ती रात्र येते. अर्कात सगळंच दाटलेलं असल्याने आधी तेच नाकात शिरतं. मी हे सांगण्याआधीच दुसऱ्या एक आजी शांतपणे म्हणाल्या, "सकाळी केसातलो गजरो काढतंस ना, तेचो वास असोच येता." सगळ्या गप्प. मग पुन्हा पट्टी फिरली, यावेळी जरा लांबून. कुणी म्हणालं आता फुलासारखं येतंय, कुणी म्हणालं मध्येच हिरव्या देठासारखं, एकीने सांगितलं द्राक्षाच्या गोळीसारखं. हे शेवटचं मला फार आवडलं, कारण मोगऱ्यात मिथाइल अँथ्रानिलेट असतं आणि द्राक्षाच्या गोळ्यांना तोच वास देतात. तिला रसायनाचं नाव माहीत नव्हतं, नाकाला मात्र बरोबर सापडलं.

एक नंबरबद्दल विचारलं तर शब्द दोनच, गोड आणि पिकलेल्या केळ्यासारखा. केळ्याचा वास बेंझाइल अ‍ॅसिटेटचा. तो खऱ्या मोगऱ्यातही असतो, म्हणजे केळं आलं म्हणून अर्क खोटा नाही. पण केळ्यापलीकडे काही येतच नसेल तर शंका घ्यावी. कारखान्यात तयार केलेलं बेंझाइल अ‍ॅसिटेट अगदी स्वस्त असतं. खऱ्या अर्कात शेकडो द्रव्यं असतात, त्यामुळे तो दर तासाला निराळा वाटतो. खोट्याचं सगळं पहिल्या पाच मिनिटांत सांगून होतं.

पट्ट्या दोरीवर चिमट्याने लावून ठेवल्या आणि दुपारी, संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सकाळी परत हुंगल्या. एक नंबर संध्याकाळी साबणाच्या रिकाम्या खोक्यासारखा झाला, सकाळी काहीच नाही. दोन नंबरची डांबरगोळी दुपारीच विरली होती, संध्याकाळी मोगरा मऊ झाला, सकाळी पट्टीवर गवताच्या पेंढीसारखा, थोडा मधासारखा वास शिल्लक होता. इथे एक सावधगिरी. टिकतो म्हणजे खरा, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. ते बरोबर नाही. कृत्रिम कस्तुरीचा वास कपड्यावर धुतल्यानंतरही टिकतो. किती टिकला यापेक्षा टिकताना तो कसा बदलत गेला ते बघायचं.

रंगही पाहिला. मोगऱ्याचा अर्क पिवळट-नारिंगीपासून तपकिरीपर्यंत असतो आणि जुना होईल तसा गडद होतो. एक नंबर पाण्यासारखा फिका होता. कागदावर तेलकट पारदर्शक डाग पसरत जात असेल तर खाद्यतेल मिसळल्याचा संशय घ्यावा, पण नुसत्या डागावर निकाल देऊ नये, कारण अर्कात थोडं मेण राहिलेलं असू शकतं. शेवटची खात्री यंत्रच देतं. जीसी-एमएस नावाच्या तपासणीत कुठलं द्रव्य किती ते कळतं, उरलेलं हेक्झेनही मोजता येतं. गटाने फोन करून तिन्ही बाटल्यांचे अहवाल मागितले. आला फक्त दोन नंबरचा, आणि त्यावरचा बॅच नंबर बाटलीवरच्या बॅच नंबरशी जुळला. हे जुळवून बघणं विसरू नका. अहवाल एका मालाचा आणि बाटली दुसऱ्याची, असं होऊ शकतं. वनस्पतीचं शास्त्रीय नावही वाचा. मोगरा म्हणजे जॅस्मिनम सॅम्बॅक, जाई-चमेली म्हणजे जॅस्मिनम ग्रँडिफ्लोरम. नुसतं जॅस्मिन लिहिलं असेल तर कुठलं ते विचारा.

दुसऱ्या आठवड्यात मराठीच्या तासाला मी हाच विषय घेतला. फळ्यावर लिहिलं, 'वासाचे शब्द'. पहिल्यांदा फक्त दोन आले, चांगला वास आणि घाण वास. मग मुलांना घरी पाठवलं, आजी-आजोबांना विचारा म्हटलं. आले ते असे: दरवळ, घमघमाट, परमळ, उग्र, कुबट, कुजट, खवट, करपट, आंबूस, हिरवट, मातकट, खमंग. परमळ शब्द आणणाऱ्या मुलाला मी फळ्यापाशी बोलावून तो स्वतःच्या हाताने लिहायला लावला. ज्या वासाला शब्द नाही त्याबद्दल व्यापाऱ्याशी भांडता येत नाही. वासाचं ज्ञान मेंदूपर्यंत कसं पोचतं या संशोधनाला २००४ साली नोबेल मिळालं, आणि आपल्या ज्ञानेंद्रियांच्या पाठात नाकाची बोळवण चार ओळींत होते!

हे मी माहेरच्या अनुभवावरून बोलते. सुरंगीचा मोसम फेब्रुवारीपासून. फुलं जून फांद्यांना गच्च चिकटून येतात, पहाटे झाडाखाली उभं राहिलं तर मधमाश्यांची गुणगुण ऐकू येते. बायका वळेसर करतात, पण खरा पैसा सुकवलेल्या फुलांचा आणि कळ्यांचा. त्या सुगंधी द्रव्यांसाठी जातात. झाडावर चढून काढायची, पडून हातपाय मोडण्याची भीती कायम. एवढं करून व्यापारी मूठभर फूल नाकाशी नेणार आणि म्हणणार, वास उतरलाय, भाव कमी. वडील कधी वाद घालत नसत. आई घालायची. ती फूल बोटांत चुरायची, "कडकड वाजता, पिवळा आसा, कुबट येणा नाय, मग उतरला काय?" असं विचारायची, आणि बऱ्याचदा भाव थोडा वर सरकायचा.

गटाने शेवटी दोन नंबरची एकच छोटी बाटली घेतली, तीही परत बैठक भरवून आणि नव्या बॅचचा नमुना आधी हुंगून. एक नंबर परत केला. त्या काकी अजून म्हणतात की त्यांना एक नंबरच आवडतो, आणि आवडायला काहीच हरकत नाही, फक्त त्याला नैसर्गिक म्हणून विकायचं नाही असं गटाच्या वहीत लिहून सगळ्यांनी सह्या केल्या आहेत. येत्या मोसमात आसोलीहून सुकी सुरंगी आणून कपाटात ठेवायच्या पुरचुंड्या शिवायचं चाललंय. वेंगुर्ले-सावंतवाडीकडच्या शिक्षकांपैकी कुणाच्या घरी सुरंगी असेल तर कळे किती दिवस आणि कशावर सुकवता ते जरूर कळवा. आमच्याकडे ऊन भरपूर आहे, खळंही सारवून ठेवलंय.