स्पीड नको, तुटू नको!

डेस्कटॉपला वायफाय अडॅप्टर घ्यायला गेलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न, "किती स्पीडचा देऊ?" खरं तर विचारायला पाहिजे, "मधे भिंत कसली आहे?"

तर मंडळी, हे सगळं निघालं जिंतूरच्या दादामुळे. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. रस्त्याकडच्या खोलीत तो लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. राउटर मागच्या जुन्या माळवदाच्या घरात. मधे अंगण आणि दगडमातीची दोन फूट जाड भिंत. वायर टाकता आली तर वायरच टाकावी, यात वादच नाही. पण उघड्या अंगणातून नेली तर पावसाळ्यात विजेची धास्ती, आणि वानरांची वेगळीच! पीक विम्याची शेवटची तारीख जवळ आली की बाहेर माणसं सातबारा घेऊन बसलेली असतात. नेट तुटलं की फॉर्म पहिल्यापासून. कुणाची रोजी बुडते, कुणाची परतीची एसटी जाते. दादा म्हणाला, "स्पीड राहू दे रे, मधेच तुटलं नाही पाहिजे."

आता आकड्यांचा हिशोब. खोक्यावरचं 'एसी १२००' म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ एमबीपीएस यांची बेरीज. हा अडॅप्टर एका वेळी एकाच बँडवर चालतो, म्हणजे ही बेरीज कधी हाती लागतच नाही! ५ चा बँड वेगवान, पण जाड भिंतीत लवकर दमतो. २.४ चा हळू, पण पलीकडे पोचतो. पुण्याच्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी असते, तिथे ५ च बरा. दादाच्या गल्लीत ती गर्दी नाही.

टेबलावर मोबाईल ठेवून एका फुकट ॲपने रेंज मोजली. २.४ वर उणे ६६ डीबीएम, ५ वर उणे ८४. उणे ७० च्या खाली गेलं की कटकट सुरू होते. निवड तिथेच झाली.

राहिला प्रश्न कार्ड की यूएसबी. आतलं पीसीआय एक्सप्रेस कार्ड चांगलंच, पण त्याचे अँटेना कॅबिनेटच्या मागे, पत्र्याच्या आडोशाला. म्हणून लांब अँटेनाचा यूएसबी अडॅप्टर घेतला आणि दीड मीटरच्या एक्स्टेन्शन वायरने अंगणाकडच्या खिडकीत ठेवला. तोही निळ्या नाही, काळ्या पोर्टमध्ये. यूएसबी ३.० चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्येच घुसतो, हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवलंय. आणि यूएसबी २.० चे ४८० एमबीपीएस फॉर्म भरायला भरपूर झाले!

एक शेवटचं. खोक्यावर मॉडेल नंबरच्या शेजारी बारीक अक्षरात व्हर्जन असतं, ते वाचा. मॉडेल तेच, पण व्हर्जन बदललं की आतली चिप वेगळी निघू शकते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे जुन्या मशीनवर लिनक्स टाकायचा विचार असेल तर चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे का ते आधी बघा. नाहीतर प्रत्येक अपडेटनंतर दादाचा फोन तुम्हाला!