कुर्रा मागचा हिशेब ठेवत नाही

नागपुरातील उर्दू शाळेत आम्ही दहावीला गणित शिकवतो. संभाव्यतेचा, म्हणजे इहतिमालचा, धडा आला की वर्गातून एक उत्तर हमखास येते : "टीचर, नंबर लागेल किंवा लागणार नाही. दोनच गोष्टी, म्हणजे शक्यता अर्धी-अर्धी!"

गेल्या वर्षी हे उत्तर हजच्या कुर्र्याबद्दल होते. एका विद्यार्थिनीच्या अम्मी-अब्बूंचा नंबर सोडतीत तीन वर्षे लागला नव्हता. "आता चौथ्यांदा लागणारच," या भरवशावर घरच्यांनी बाजीचा निकाह हजनंतर करायचे ठरवले होते.

आम्ही एका डब्यात सारख्या घडीच्या दहा चिठ्ठ्या टाकल्या. तिघींवर खूण केली. डबा हलवून न बघता काढली, तर दहापैकी कोणतीही चिठ्ठी हाती येण्याची शक्यता सारखीच. पुस्तकात यालाच समसंभाव्य निष्पत्ती म्हटले आहे. हा सारखेपणा चिठ्ठ्या-चिठ्ठ्यांमधला आहे. ‘लागेल’ आणि ‘लागणार नाही’ यांच्यातला नाही. खुणेच्या चिठ्ठ्या तीनच, म्हणून शक्यता दहात तीन.

मग प्रत्येक वेळी चिठ्ठी परत टाकून मुलींनी चार-चारदा काढून पाहिली. तीनदा कोरी आलेल्या मुलीचीही चौथ्या वेळी शक्यता दहात तीनच राहते. डब्याला मागचे काही आठवत नाही. या हिशेबाने शंभर घरांपैकी साधारण २४ घरांना चारही वेळा कोरी चिठ्ठी येईल. त्यात कुणाचा कसूर नाही.

चौथ्या वेळेचा भरवसा आला कुठून? पूर्वी सलग चौथ्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी राखीव गट होता. २०१८ पासूनच्या हज धोरणात तो राहिला नाही. लोकांच्या बोलण्यात मात्र राहिला. शिवाय जागा राज्यवार वाटल्या जातात. म्हणजे प्रत्येक राज्याचा डबा वेगळा. जिथे अर्ज जास्त, तिथे शक्यता कमी. दुसऱ्या राज्यातल्या मामूंचा नंबर लागला, यावरून आपला अंदाज बांधता येत नाही.

मुलीने हे घरी सांगितले. निकाहची तारीख कुर्र्यावर न ठेवता ठरली. नंबर त्या वर्षीही लागला नाही; निकाह वेळेवर झाला आणि अर्ज पुन्हा भरला गेला.

दुआ जरूर करावी. पण घरातली जी कामे आपल्या हातात आहेत, ती सोडतीच्या भरवशावर थांबवू नयेत. आणि मुलांनो, पास किंवा नापास यांतही अर्धे-अर्धे काही नसते. तिथे अभ्यासाने पारडे फिरते.