थंडीचा खर्च

अवरक्त किरणांत पाहणाऱ्या दुर्बिणीला पहिला अडथळा होतो तो तिचा स्वतःचाच. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे उष्णतेचे किरण सोडत असते. खोलीइतक्या उबदार वस्तूचे हे उत्सर्जन १० मायक्रॉनच्या आसपास सर्वांत जोरकस असते, आणि धुळीच्या ढगांत जन्म घेणाऱ्या ताऱ्यांचा क्षीण प्रकाश पकडायचा तोही याच पट्ट्यात. आरसा, त्याचा सांगाडा, शोधक असे सगळेच झळकत असताना त्या प्रकाशाचा पत्ता लागणार कसा? म्हणून दुर्बीण गार करावी लागते. अवकाश मुळातच गार, मग त्यात अवघड ते काय, असे सहज वाटते. पण तेथे हवा नाही, त्यामुळे उष्णता वाहून नेणारेही कोणी नाही. ती फक्त किरणांच्या वाटेने, सावकाश बाहेर पडते. सूर्य तापवत असतो तो वेगळाच.

सुरुवातीचा उपाय होता द्रवरूप हेलियम. माठातले पाणी पाझरून उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते, तसाच हा हेलियम उडून जातो. फरक इतकाच की तेथे माठ पुन्हा भरायला कोणी जात नाही. १९८३ साली सोडलेली ‘आयरास’ ही दुर्बीण दहा महिन्यांत कोरडी पडली. २००३च्या ‘स्पिट्झर’ने यातून धडा घेतला. ती उबदार स्थितीतच उडाली, पृथ्वीच्या मागोमाग सूर्याभोवती फिरत सावलीच्या बाजूने आपोआप बरीचशी निवली, आणि अवघा ३६० लिटर हेलियम तिला मे २००९पर्यंत पुरला. हे दोन सुदैवी म्हणायचे. १९९९च्या ‘वायर’ दुर्बिणीचे झाकण उड्डाणानंतर वेळेआधीच उघडले, ऊन आत शिरले, गोठवलेला हायड्रोजन भराभर उडून गेला आणि मोहीम सुरू होण्याआधीच बुडाली.

२५ डिसेंबर २०२१ रोजी निघालेल्या ‘जेम्स वेब’ दुर्बिणीने साठ्याची भानगडच ठेवली नाही. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर ती सूर्याकडे कायम पाठ करून असते. मध्ये सुमारे २१ मीटर लांब व १४ मीटर रुंद असा पाच थरांचा पडदा. कॅप्टॉन नावाच्या प्लास्टिकवर ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला, सूर्याकडचा थर ०.०५ मिलिमीटर जाड, बाकीचे त्याच्या निम्मे. थरांमधल्या फटींतून उष्णता कडेने निसटते. या पडद्याच्या एका अंगाला पाणी उकळेल इतका ताप असू शकतो आणि दुसऱ्या अंगाला उणे २३० अंश सेल्सियसच्या आसपास गारठा. एवढ्यानेही ‘मिरी’ या उपकरणाचे भागत नाही. त्याला ७ केल्विनच्या खाली जावे लागते. त्यासाठी बंद नळ्यांतून हेलियम वायू खेळवणारे शीतयंत्र आहे. त्याचा कंप्रेसर उबदार बाजूला ठेवला आहे, कारण दट्ट्याची किंचितशी थरथरही प्रतिमा बिघडवू शकते.

हा पडदा घडी घालून न्यायचा आणि वाटेत सुमारे ४०० कप्प्या व ९० दोऱ्यांच्या साहाय्याने उलगडायचा होता. खर्च कुठे गेला, याचे निम्मे उत्तर या वाक्यात आहे. उरलेले निम्मे कमी गौरवाचे. १९९०च्या दशकात सुमारे १ अब्ज डॉलरचा अंदाज सांगितला गेला. अखेरचा आकडा १० अब्जांच्या घरात गेला. २०११ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या खर्चविषयक उपसमितीने प्रकल्प गुंडाळण्याचाच प्रस्ताव मांडला होता. तो टळला, उभारणीच्या खर्चाला ८ अब्जांची मर्यादा घातली गेली, आणि तीही ओलांडली गेली. २०१८च्या चाचणीत तर पडद्याच्या आवरणाचे स्क्रू आणि वॉशर गळून पडले.

नासाचा एकूण वाटा अमेरिकी केंद्रीय खर्चाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी आहे, असे उत्तर समर्थक देतात. ते खरे आहे, पण अपुरे आहे. वेबचे पैसे शाळा-दवाखान्यांतून आले नसतील. ते खगोलशास्त्राच्याच पोतडीतून आले आणि दुसऱ्या मोहिमा ताटकळल्या. तेव्हा शंकेखोरांचे म्हणणे अंदाजपत्रकाच्या बाबतीत रास्त ठरते. अवकाशात पैसे फेकले, ही तक्रार मात्र पोकळ आहे: पैसे पृथ्वीवरच, पगार, कार्यशाळा आणि चाचण्यांवर खर्च झाले. एरियन रॉकेटने दुर्बीण इतकी नेमकी सोडली की वाचलेले इंधन वीस वर्षांहून अधिक पुरेल, असा अंदाज आहे. हेलियम संपण्याची धास्ती नसल्याने तेवढी वर्षे खरोखर वापरताही येतील.

स्वस्त मार्ग नाहीत असे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १ मीटर व्यासाची दुर्बीण हैदराबादहून फुग्यांवर उडवली आणि तिचे शोधक ०.३ केल्विनपर्यंत गार ठेवले. मात्र असे उड्डाण काही तासांचे, आणि आरसा उबदारच राहतो. मार्च २०२५ मध्ये गेलेली ‘स्फिअरेक्स’ ५० कोटी डॉलरच्या आत बसली. एकात एक बसवलेल्या तीन शंकूंच्या आडोशाने ती हेलियमशिवाय आणि शीतयंत्राशिवाय उणे २०० अंशांखाली राहते. तिचा आरसा २० सेंटिमीटरचा आहे आणि ५ मायक्रॉनच्या पुढचे तिला दिसत नाही.