साखरझोपेची पाळी

पहाटेचे स्वप्न खरे होते, असे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या मानले जाते. ते खरे होते की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी स्वप्ने पहाटेकडे दाट होत जातात हे निद्राशास्त्राने मोजून दाखवले आहे. आणि भिवंडीसारख्या शहरात, जिथे यंत्रमाग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात व रात्रपाळीचा कामगार ऐन साखरझोपेच्या वेळी मागांच्या रांगेत उभा राहून तुटलेला धागा जोडत असतो, तिथे या निष्कर्षाला माणसाच्या आयुष्याचे वजन येते.

झोप ही एकसलग अवस्था नव्हे. डोळा लागतानाचा पहिला टप्पा काही मिनिटांचाच असतो. त्यात स्नायू सैल पडतात, कधी पाय झटका देतो आणि मिटल्या डोळ्यांपुढे तुटक चित्रे सरकतात. दुसऱ्या टप्प्यात रात्रीचा जवळजवळ अर्धा वेळ जातो, आणि मेंदूच्या विद्युत आलेखावर मधूनमधून उमटणाऱ्या, मध्ये फुगीर व टोकांना निमुळत्या तरंगसमूहांवरून तो ओळखला जातो. तिसऱ्या, म्हणजे मंदतरंग निद्रेत लाटा उंच आणि संथ होतात, आणि झोपलेल्याला उठवणे सर्वांत अवघड जाते. या उतारानंतर, झोप लागल्यापासून साधारण ९० मिनिटांनी, मेंदू जवळजवळ जागेपणीइतका सक्रिय होतो, पापण्यांखाली बुबुळे भरभर हलतात, श्वास अनियमित होतो आणि हातापायांचे स्नायू मात्र लुळे पडतात. या अवस्थेला द्रुतनेत्र निद्रा म्हणतात.

शिकागो विद्यापीठातील युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ साली तिची नोंद प्रसिद्ध केली, आणि या अवस्थेतून उठवलेली माणसे बहुतेक वेळा स्वप्न सांगतात असे दिसून आले. पुढे डेव्हिड फोक्स यांनी १९६२ मध्ये इतर टप्प्यांतूनही स्वप्नांचे वृत्तांत मिळवले. ते अधिक तुटक, विचारासारखे असत, त्यामुळे द्रुतनेत्र निद्रा म्हणजेच स्वप्न हे समीकरण फार सरधोपट ठरते. मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती यांना तीन निरनिराळ्या अवस्था मानले आणि त्यांपलीकडे तुरीय ठेवली. त्या विचाराचा हेतू शरीरशास्त्राचा नव्हता, म्हणून निद्राशास्त्राशी त्याचे साम्य ताणू नये. तरीही स्वप्नाला गाढ झोपेपासून वेगळे काढण्याची ती सूक्ष्म दृष्टी आदराने पाहण्याजोगी आहे.

हे ९० मिनिटांचे चक्र रात्रीतून चार-पाच वेळा फिरते, पण त्यातील वाटे बदलत जातात. गाढ झोप किती यावी हे आधी किती तास जागरण झाले यावर ठरते, म्हणून ती सुरुवातीलाच आपला हक्क वसूल करते. द्रुतनेत्र निद्रा मात्र बऱ्याच अंशी शरीराच्या दैनिक घड्याळाला बांधलेली असते आणि शरीराचे तापमान सर्वांत खाली जाते त्या पहाटेच्या सुमारास व त्यानंतर काही काळ तिचा जोर सर्वाधिक असतो. रात्रपाळी सुटल्यावर कामगार अंथरुणावर पडतो तेव्हा तो जोर अजून पुरता ओसरलेला नसतो, परंतु दिवस चढतो तसे तापमानही वर जाते, शरीर जागेपणाकडे ओढ घेते आणि झोप अपुरीच मोडते. अशा दिवसाच्या झोपेत गाढ टप्पा बहुतांशी वाचतो. कात्री लागते ती दुसऱ्या टप्प्याला आणि द्रुतनेत्र निद्रेला.

भिवंडीत या शारीरिक कारणांना खोलीची भर पडते. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले अनेक कामगार एका खोलीत राहतात. दिवसपाळीचा उठून गेला की त्याच जागेवर रात्रपाळीचा पाठ टेकतो. मागांचा आवाज कारखान्यात ९० डेसिबलच्या वर जातो आणि भिंतीपलीकडे तो पूर्ण थांबत नाही. एकसुरी आवाजाला मेंदू काही प्रमाणात सरावतो. अचानक होणारा बदल मात्र झोपेतही तो टिपतो, मग ते पडलेले भांडे असो वा खोलीतल्याच कुणाचा वाजलेला मोबाईल.

बॉस्टनमधील रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० साली दाखवले की टेट्रिस खेळलेल्या माणसांना डोळा लागताना तेच पडणारे ठोकळे दिसतात, आणि खेळल्याची आठवणही न उरलेल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांनाही ते दिसले. त्याच न्यायाने बारा तास धोट्यावर नजर ठेवणाऱ्याला निजताना धोटाच दिसत राहावा, हे स्वाभाविक आहे. याउलट, रात्र सरत जाते तसे स्वप्नांतील संदर्भ जुन्या काळाकडे सरकतात, असे काही प्रयोगांत आढळले आहे. ते खरे धरल्यास अर्ध्यावर मोडणाऱ्या झोपेचा तोटा केवळ थकव्याचा उरत नाही: कारखाना स्वप्नात येतो आणि गावाकडचे अंगण यायच्या आधीच जाग येते. मजुरीच्या कोणत्याही हिशेबात न बसणारे हे नुकसान खरे आहे आणि ते मोजले गेले पाहिजे.

शरीर या नुकसानीची काही भरपाई करते. विल्यम डेमेंट यांनी १९६० साली सलग काही रात्री माणसांना द्रुतनेत्र निद्रेतून वारंवार उठवले, तेव्हा नंतरच्या मोकळ्या रात्रींत तिचे प्रमाण नेहमीपेक्षा वाढलेले दिसले. पण त्यासाठी न मोडणाऱ्या रात्री लागतात, आणि मीटरवर मजुरी मिळणाऱ्या कामगाराला त्या बहुधा गावी गेल्यावरच लाभतात.