आतला बैल

एसटी तुळजापूरचा घाट चढत होती आणि शेजारी बसलेला भाचा 2197 सालात होता. हातात कुणाकडून तरी मिळवलेला जुना पीएसपी, त्यात 'वाइपआउट प्युअर'. खेळ 2005 चा, म्हणजे भाच्याहून थोरला. बिनचाकाची यानं रस्त्यावर तरंगत सुसाट जातात. मी मागून घेतला. पहिल्या वळणाला भिंत. दुसऱ्या वळणाला भिंत.

"मामा, दाबून धरू नका की. नुसतं टेकवायचं असतंय."

टेकवायचं! हा शब्द मी चाळीस वर्षांनी ऐकत होतो.

यंत्राच्या वरच्या दोन कोपऱ्यांत दोन बटणं, ते हवेचे ब्रेक. डावं टेकवलं की यानाची डावी कूस हवेला अडते आणि नाक डावीकडं वळतं. जास्त धरलं की वेग गेला. चढाला नाक उचलायचं, उताराला वाकवायचं. हाती आलेलं अस्त्र सोडायचं की गिळून आपलीच ताकद भरून काढायची, हेही धावता धावता ठरवायचं. भाचा बहुतेक वेळा गिळतो. मला ते आवडलं.

आमच्या ढोकीकडच्या गाडीवाटेवर सायकलची रिंग पळवायचा एक थोरला पोरगा होता. हाती निर्गुडीची काठी. आम्ही रिंग बडवायचो, ती बाभळीत जायची. तो म्हणायचा, "मारू नको, टेकव." त्याचे वडील बैलगाडी वळवताना आतल्या बैलाचा कासरा किंचित ओढायचे आणि बाहेरच्याला मोकळा सोडायचे, पोरानं ते रिंगेत आणलं होतं. त्याची शर्यत आमच्याशी नसायचीच. ती बार्शी लाईटशी! लातूरकडून धापा टाकत येणारी ती नॅरोगेज दिसली की हा रुळाशेजारच्या पायवाटेवर रिंग सोडायचा. धोतरवाले खिडकीतून ओरडायचे, कोणी भुईमुगाच्या शेंगा फेकायचे. वळणावर गाडी कण्हत मंदावायची आणि हा काठी टेकवून, वेग न मोडता, इंजिनाच्या पुढं. आमच्यातला एकही कधी जिंकला नाही, पण गाडी हरली हे गावभर आम्हीच सांगायचो.

भाच्यानं यंत्र परत घेतलं. आता 'झोन' लावला होता. त्यात वेग आपोआप वाढत जातो, तो कमी करणं हातात नसतं, फक्त वळायचं. त्याचे अंगठे शांत होते. खाली ड्रायव्हरनं गियर बदलला, मागची बाई ओकली.

गाडी गेली की आम्ही रुळांवर चढायचो. दोन रुळांत 762 मिलिमीटर; एक पाय या रुळावर, एक त्या रुळावर, मधे सगळं राज्य आपलं. ब्रॉडगेज झाल्यावर एकदा मुद्दाम ढोकीला उतरलो. 1676 मिलिमीटर. इकडंतिकडं पाहिलं, कोणी नव्हतं. पाय पुरले नाहीत.