पित्ताचा वारसा

जठरातले आम्ल वारंवार अन्ननलिकेत चढले, की छातीत जळजळ होते, आंबट ढेकर येतात, घशाशी येते. या सगळ्याला लोक ‘पित्त’ म्हणतात. खरे पित्त मात्र यकृतात तयार होते. या दुखण्याचे मूळ असते अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेल्या स्नायूच्या वळ्यात. घास उतरताना ते सैल होते आणि लगेच आवळते. नको तेव्हा सैलावले की आम्ल वर येते.

‘आमच्या घराण्यातच पित्त आहे’ हे वाक्य गोंदिया जिल्ह्यात सर्रास ऐकू येते, आणि त्यात तथ्य आहे. पण इथे आनुवंशिक आजार म्हटला की डोळ्यांसमोर येतो सिकलसेल. नागपूर भागात त्याची नोंद 1958 मध्ये झाली. त्यात बीटा-ग्लोबिनच्या जनुकातले एकच अक्षर बदललेले असते. आई-वडील दोघेही वाहक असले, तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. वाहकाला मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते, म्हणून हा बदल जंगलपट्ट्यातल्या काही समाजांत पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

आम्लाच्या विकाराचा हिशेब असा सरळ नाही. जुळ्यांच्या अभ्यासांत माणसामाणसांतल्या फरकापैकी आनुवंशिकतेचा वाटा स्वीडनमध्ये 31 टक्के (2002), तर ब्रिटनमध्ये 43 टक्के (2003) निघाला. तोही एका जनुकाचा नाही. अनेक जनुकांचा, प्रत्येकाचा चिमूटभर. त्यामुळे अमुक जात किंवा जमात पित्ताचीच, असे म्हणायला आधार नाही. अमेरिकेतल्या 2004 च्या एका पाहणीत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय लोकांत जळजळीचे प्रमाण जवळपास सारखे होते, अन्ननलिकेतल्या जखमा मात्र गोऱ्यांत जास्त आढळल्या.

उरलेला वाटा रोजच्या जगण्याचा. पन्नीत घोटलेला खर्रा दिवसभर गालात असतो आणि तंबाखूतले निकोटिन ते वळे सैल करते. बिडी वळणारी बाई तेंदूपानांचे सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास वाकून बसते; वाकल्याने पोटावर दाब येतो आणि आम्ल वर ढकलले जाते. रात्री उशिरा पोटभर भात खाऊन लगेच आडवे होणे हेही तसेच. असल्या सवयी घरातल्या सगळ्यांच्या सारख्याच असतात, म्हणून त्याही वारशासारख्या दिसतात.

वंशाचा फरक खरा जाणवतो तो गोळीच्या बाबतीत. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल ही औषधे यकृतातले सीवायपी2सी19 हे विकर मोडते. हे विकर जवळजवळ निकामी असलेली माणसे युरोपीय वंशात शंभरात दोन-तीन, तर भारतीयांत साधारण दहात एक. त्यांच्या रक्तात औषध जास्त वेळ राहते. आराम लवकर पडतो. पण गोळी महिनोन्‌महिने चालू राहिली तर निम्म्या मात्रेचा विचार डॉक्टरांना करावा लागतो. उलट हेच विकर फार वेगाने काम करणाऱ्यांना नेहमीची मात्रा पुरत नाही. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी दुकानातून आणून वर्षानुवर्षे खात राहणे म्हणूनच घातक आहे. शिवाय ही गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. जळजळ सुरू झाल्यावर घेतली, तर तिचा पुरा उपयोग होत नाही.

घास अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा काळी शौच, यांतले काही दिसले की घराण्याचा इतिहास काहीही असो, दुर्बिणीची तपासणी लगेच करावी लागते.